वत्सलेची बाजू

मत द्यायच्या आधी आण्णा दोन्ही हात एकमेकांवर झटकत. हाताला पीठ असो नसो. गिरणी मुलाच्या ताब्यात देऊन झाली, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा आला, तरी हात झटकल्याशिवाय त्यांच्या तोंडून मत बाहेर पडत नसे. आणि हात झटकले की समोरची माणसं आपोआप गप्प होत. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे, आणि दर वेळी मला त्याचा त्रास झाला आहे.

तिसगावच्या बाजारपेठेत माझं मेडिकल आहे. दुकानापुढे गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं टाकलेलं आहे. गिरणीतून मोकळे झाल्यापासून आण्णा सकाळी तिथे येऊन बसू लागले. बाकडं माझं, सावली माझ्या पत्र्याची, वर्तमानपत्र मी घेतलेलं. पण ते येऊन टेकले की ती जागा त्यांची होऊन जाई.

एखादा माणूस खोकल्याचं औषध मागायला येई. मी बाटली काढून काउंटरवर ठेवी. तेवढ्यात बाकड्यावरून आवाज येई, "ते नका घेऊ. ते नुस्तं गोड पानी हाय. लाल घ्या, लाल. आपलं ऐका."

माणूस माझ्याकडे पाहून म्हणे, "लालच द्या, भाऊ."

माझं फार्मसीचं सर्टिफिकेट माझ्या डोक्यावरच भिंतीला टांगलेलं आहे. त्याच्याकडे कुणी मान वर करून पाहिल्याचं मला आठवत नाही.

तुमच्याही गल्लीत, ऑफिसात असा एकजण असेल. त्याला सगळ्यातलं कळतं असं नाही. पण सगळ्यावर त्याचं मत असतं, आणि ते इतरांपेक्षा वरचढ आहे याबद्दल त्याला तीळभर शंका नसते. आण्णांच्या मते साखरेचा चहा म्हणजे गरम सरबत. नगरची भेळ म्हणजे नुसते चुरमुरे. मोबाईलवर पावसाचा अंदाज कुणी दाखवायला गेला, तर ते मान फिरवून म्हणत, "हे आमी धरत न्हाई."

"आमी म्हणजे कोण कोण, आण्णा?" मी एकदा विचारलं.

"आमी म्हंजे आमी," ते म्हणाले. "त्यात मेडिकल न्हाई."

मला ते मेडिकल म्हणत. बाकड्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. ते हसू घरी जाईपर्यंत माझ्या तोंडावर चिकटून राहिलं होतं.

श्रावणात आमच्याकडे मारुतीच्या देवळात पोथी लागते. एकाने ओव्या वाचायच्या आणि दुसऱ्याने मध्ये मध्ये त्यांचा अर्थ सांगायचा, अशी रीत आहे. वाचणारा मी. माझा आवाज बरा आहे, उच्चार स्वच्छ आहेत, आणि हे मला ठाऊक आहे. अर्थ सांगणारे आण्णा. गिरणीच्या घरघरीवरून बोलायची जन्माची सवय, त्यामुळे त्यांना माईक लागत नसे. पोथीपुरती माझी काही तक्रार नव्हती. ओवीचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेला असतो, त्यात माणसाला फार इकडेतिकडे करता येत नाही.

एका वर्षी समाप्तीचा प्रसाद झाला आणि दुसऱ्या संध्याकाळीही बायका सवयीने देवळात येऊन बसल्या. चार म्हातारी माणसंही खांबांना टेकून बसली. कुणाला उठावंसं वाटेना.

"आता काय वाचायचं?" सरूबाईंनी विचारलं. त्या आमच्या श्रोत्यांमधल्या सर्वांत जुन्या. हातांनी वाती वळत राहायच्या, पण कान इकडे असायचे.

माझ्या मनात किती वर्षं होतं, ते त्या दिवशी ओठांवर आलं. मी म्हणालो, "कादंबरी वाचू या?"

घरच्या कपाटातून मी माझी आवडती कादंबरी आणली. जुनी, जाड, कौटुंबिक. एका एकत्र कुटुंबात दोन जावा. धाकटी मालती, सोशीक, हळवी, शिकलेली. थोरली वत्सला, कमरेला किल्ल्या, जिभेला धार. कॉलेजात असताना ही कादंबरी मी कितीतरी वेळा वाचली होती. मालतीसाठी रडलो होतो. खरं सांगायचं तर मालती ही माझी खाजगी गोष्ट होती. गावात आपल्याइतकं वाचलेलं कुणी नाही, ही शेखी मी कधी बोलून दाखवली नाही, पण आत जपून ठेवली होती. आता माझ्या आवाजातून मालती या सगळ्यांना दिसणार, आणि तिच्याबरोबर थोडासा मीही दिसणार, असं मला वाटत होतं.

विशेषतः माझ्या बायकोला. ती बायकांच्या रांगेत पुढेच बसायची. लग्नाला इतकी वर्षं झाली. मी वाचलेलं काही सांगायला गेलो की ती भाजी निवडत "हं, हं" करते. देवळात तिच्यापुढे भाजी नव्हती.

पुस्तक पोथीच्या ठवणीवरच ठेवलं. दोन पानं वाचली आणि श्वास घ्यायला थांबलो. तेवढ्यात हात झटकल्याचा आवाज आला.

"म्हंजे काय झालं बरं का," आण्णांनी सुरुवात केली.

मी म्हणालो, "आण्णा, ही कादंबरी आहे. हिचा अर्थ सांगायला लागत नाही. कळतं सगळ्यांना."

"तुमाला कळतं," सरूबाई म्हणाल्या. "आमाला सांगू द्या त्यांना."

तिथून ती रीत पडली ती पडलीच. मी दोन पानं वाचायची, आण्णांनी अर्थ सांगायचा. मालती तुळशीपाशी बसून रडते असा एक सुंदर उतारा आहे. तो मी अगदी जीव ओतून वाचला. आण्णा म्हणाले, "म्हंजे काय झालं बरं का. ही बसली तुळशीपाशी. आता घरात मान्सं हायेत बारा. ही रडती तवर भाकरी कोन थापतंय? लेखकानं सांगितलं न्हाई. पर कोनतरी थापतंयच की. कोन थापतंय?"

"वत्सला!" मागून दोन-तीन बायका एकदम म्हणाल्या.

"आपलं ऐका," आण्णा म्हणाले. "ह्या घरात एकच बाई हाय. बाकी समदे रडायला ठिवलेत."

देवळात हशा पिकला. माझी बायको पदर तोंडाला लावून हसत होती. माझ्या बोलण्यावर ती अशी कधी हसली होती का, हे मी आठवून पाहिलं.

आठवडा उलटायच्या आत गावात दोन पक्ष पडले. गिरणीत दळण घेऊन उभ्या राहिलेल्या बायका मालती आणि वत्सला यांच्यावरून भांडू लागल्या. वत्सलेच्या बाजूच्या बायकांची मान जरा ताठ असे. मालतीची बाजू घेणं म्हणजे अजून जग न पाहिल्याचं लक्षण, असं त्यांचं मत झालं. एखादी सून तोंड पाडून बसली की सासू म्हणे, "उगं मालतीवानी करू नगं." पुरुषांमध्येही हे लोण आलं. एसटी स्टँडवर एक शेतकरी दुसऱ्याला सांगत होता की, बाजार समितीला एखादी वत्सला सेक्रेटरी पाहिजे.

मालतीच्या बाजूला शेवटी उरलो मी, आणि शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. त्यांना ऐकू कमी येत असे.

एका रात्री जेवताना बायको म्हणाली, "आण्णा म्हणत होते, वत्सलाची जीभ कडू आहे पण हात गोड आहे. किती बरोबर बोलले ना?"

"पुस्तकात असं कुठेही लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"नसेल. पण आहेच तसं."

"अगं, मी वाचतोय ना पुस्तक? तिथे काय आहे ते मला माहीत आहे."

तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "तुम्ही वाचता छानच हो. पण कळतं ते आण्णांनी सांगितल्यावर."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. मला तिनेच ऐकायला हवं होतं. या वयात बायकोने आपल्याकडे टक लावून पाहावं म्हणून मी देवळात स्वच्छ उच्चार करत बसलो होतो, आणि ती टक लावून पाहत होती शेजारच्या पाटावर बसलेल्या आण्णांकडे.

मत्सर माणसाला चौकस करतो. आण्णांना वत्सलेचा एवढा पुळका का, हे शोधायचं मी ठरवलं. काहीतरी कारण असणार. त्यांची थोरली भावजय अशीच कडक असेल, आई तशी असेल, तरुणपणी काही घडलं असेल. एकदा कारण सापडलं की मी मनातल्या मनात म्हणू शकलो असतो, हे वाचन नव्हे, ही तर आपली दुखरी नस कुरवाळणं झालं. मग माझं प्रेम अस्सल आणि त्यांचं नकली ठरलं असतं. मी जुन्या माणसांना आडून आडून विचारलं. त्यांची भावजय गाईसारखी गरीब होती. आई लहानपणीच गेली, ती सगळ्यांची लाडकी होती. त्यांची बायको तर दिवसभर गाणी म्हणायची. वत्सलेसारखं त्यांच्या घरात, नात्यात कुणीही नव्हतं.

शेवटी मी त्यांनाच विचारलं. दुकानात गर्दी नव्हती. "आण्णा, वत्सला तुम्हाला एवढी का आवडते?"

"आवडती," ते म्हणाले.

"पण का?"

"का म्हंजे? तुमाला गूळ का आवडतो?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू माझ्या दुकानात मुख्य औषधच ठेवलेलं नाही. "मेडिकल, तुमी मालतीची कीव करता. ती आवडत न्हाई तुमाला. कीव करायला बरं वाटतं, आपन वरच्या पायरीवर आसतो."

त्यानंतर ते वर्तमानपत्रातलं राशिभविष्य वाचू लागले. मी काउंटरमागे पाठ करून गोळ्यांची पाकिटं सारखी करत राहिलो. त्यांचं म्हणणं खरं होतं की खोटं, हे आजही मला सांगता येणार नाही. ते मला सुचलं नव्हतं, याचाच मला राग आला.

पण माझ्या हातात एक पान होतं, ते मी राखून ठेवलं होतं. कादंबरीच्या शेवटाकडे एक प्रकरण आहे. वत्सला देवघरातली चांदीची समई लपवते आणि चोरीचा आळ मालतीवर घालते. भर दुपारी मालतीला घराबाहेर काढलं जातं. तिथे लेखकाने वत्सलेला कसलीही पळवाट ठेवलेली नाही. हे प्रकरण येणार हे फक्त मला माहीत होतं. देवळात आण्णा वत्सलेचे गोडवे गात, लोक माना डोलवत, तेव्हा मी ठवणीवरच्या पुस्तकाच्या उरलेल्या पानांवर बोट ठेवून बसे. गा किती गायचं ते. ती समई यायची आहे अजून.

ती संध्याकाळ आली. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं, अंघोळ केली. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं कधी वाचलं नसेल. वत्सला समई पदराखाली घेऊन धान्याच्या कोठीकडे जाते, इथे मी आवाज खाली आणला. सरूबाईंच्या वाती थांबल्या. मालती उंबरा ओलांडते, इथे मी थांबलो. मी पुस्तकावरून डोळे उचलून आधी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. मग मी आण्णांकडे पाहिलं.

त्यांनी हात झटकले.

"इथं लेखकानं माती खाल्ली," ते म्हणाले.

"काय?"

"वत्सला आसं करनारच न्हाई. तिला समई लपवायची काय गरज? तिला मालतीला काढायचं आसतं तर तोंडावर म्हनली आसती, नीघ. तिला कुनाचं भ्या हाय का?"

"आण्णा, पुस्तकात छापलंय हे."

"छापलं म्हनून झालं का? लेखकाला मालतीला घराभाईर काढायचं हुतं. त्याला दुसरं काय सुचंना, मग ह्या बाईच्या पदराखाली समई कोंबली. हे आमी धरत न्हाई."

"अहो, तिला त्यानेच जन्माला घातलं! तिने काय केलं ते तोच सांगणार ना?"

"जन्माला घातलं म्हनून काय झालं?" सरूबाई मध्येच म्हणाल्या. "माज्या पोराला मीच जन्म दिलाय. मी म्हनते तसं वागतंय व्हय ते?"

देऊळ दणाणून गेलं. हसण्यात सुटका होती. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. "न्हाई धरत, न्हाई धरत," असं बायका एकमेकींना सांगू लागल्या. अख्खं प्रकरण, लेखकाने बहुधा रक्त आटवून लिहिलेलं, आमच्या गावाने एकमताने रद्द केलं. माझी बायको सर्वांत मोठ्याने हसत होती. मी पुस्तक मिटलं. माझे कान तापले होते. खानदानी अपमान वगैरे मी कादंबऱ्यांत वाचला होता. माझा अपमान साधा होता, दोन खांबांच्या मध्ये मावणारा.

त्यानंतर एकच प्रकरण उरलं होतं. ते वाचायच्या आधीच आण्णांना झटका आला. सकाळी दात घासताना तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली. त्यांना नगरला हलवलं. माझ्याच दुकानासमोरून गाडी गेली. मी रस्त्यावर धावत आलो, गाडी थांबवून त्यांच्या मुलाच्या हातात लागतील ती औषधं कोंबली. हे सगळं खरं होतं. आणि परत काउंटरमागे येऊन उभा राहिलो तेव्हा मनात आलं, शेवटचं प्रकरण आता मी एकटा सांगणार. तेही खरं होतं. दोन्ही एकाच माणसाच्या आत, एकाच वेळी होतं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण न लिहून ते नाहीसं होणार नाही.

लोक म्हणाले, आण्णा येईपर्यंत थांबू. ते आता बोलू शकणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मात्र कुणी थांबायचं म्हणेना. मी शेवटचं प्रकरण वाचलं. वत्सला मालतीच्या पायांवर डोकं ठेवून क्षमा मागते. मालती तिला उठवते. कादंबरी संपते.

कुणी हललं नाही. सवयीने सगळे वाट पाहत होते. शेजारचा पाट रिकामा होता.

"सांगा की अर्थ," बायको मला म्हणाली.

किती दिवस मी याची वाट पाहिली होती. मी बोलू लागलो. लेखकाला काय म्हणायचं आहे, क्षमा म्हणजे काय, सोसण्यातली ताकद कशी असते, वत्सलेचं गर्वहरण मालतीच्या विजयापेक्षा का महत्त्वाचं. नेमकं, नीट, मुद्देसूद बोललो. कुणी मध्ये बोललं नाही. बोलून झाल्यावर सरूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "बरोबर हाय, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि वातींची डबी घेऊन निघाल्या. सगळ्याच बायका हळूहळू उठल्या. सिरियलची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशी देवळात गुरुजी तेवढे आले.

आण्णांना घरी आणल्यावर मी आणि बायको भेटायला गेलो. गिरणीमागच्या खोलीत कॉटवर निजले होते. पलीकडे चक्की सुरू होती, त्यामुळे बोलायचं तर ओरडावं लागत होतं. मला पाहताच त्यांचे डोळे चमकले. डावा हात उचलून त्यांनी पुस्तकाची पानं उलटल्यासारखं केलं. तोंडातून एक घोगरा आवाज आला. बायकोला तो लगेच कळला.

"वत्सलाचं विचारतायत," ती म्हणाली. "शेवटी काय झालं म्हणून."

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मी खोटं सांगू शकलो असतो. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून आपण काय काय सांगत असतो. पण माझ्याच्याने होईना. त्या क्षणीही मला जिंकायचं होतं, हे त्याचं कारण. मी चक्कीवरून ओरडून सांगितलं, "मालतीच्या पाया पडली! क्षमा मागितली!"

आण्णांनी ऐकलं. त्यांच्या तोंडाची चालणारी अर्धी बाजू हळूहळू वर गेली. ते हसत होते. डाव्या हाताने त्यांनी माशी उडवावी तसं काहीतरी उडवलं, मग तोच हात माझ्या हातावर ठेवून दोनदा थोपटला. हरलेल्या पोराला मोठ्या माणसाने थोपटावं, तसा. बायको हसता हसता डोळे पुसत होती. आणि मी, त्या खाटेजवळ बसून, त्या लुळ्या माणसाचा हेवा करत होतो.

दिवाळीच्या तोंडावर ते गेले. गिरणी एक दिवस बंद राहिली तेव्हा बाजारपेठ किती शांत आहे हे कळलं. बाकडं मी काढलेलं नाही. लोक औषधाला येतात, मी देतो ते घेतात, आणि पैसे देऊन निघून जातात. कुणी वाद घालत नाही.

या उन्हाळ्यात माझी कोपरगावची भाची सुट्टीला आली होती. दुपारी ओट्यावर शेवया करताना बायको तिला ती कादंबरी सांगत होती. मी आत आडवा पडून ऐकत होतो. बारा माणसांचं घर आलं. तुळशीपाशी रडणारी मालती आली. वत्सलेची जीभ कडू आणि हात गोड, हेही आलं. मग मालती घराबाहेर पडते तो भाग आला. समई नव्हती. वत्सला अंगणात उभी राहून सगळ्यांसमोर धाकट्या जावेला म्हणते, "जा. इथं राहिलीस तर रडूनच मरशील. बाहेर जा आणि काहीतरी कर." शेवटी मालती नोकरीला लागते आणि परत येऊन वत्सलेच्या पाया पडते.

भाची हातातली शेवई तशीच धरून ऐकत होती. बायकोचा आवाज खणखणीत लागला होता. असा आवाज मी देवळात कितीही प्रयत्न करून काढू शकलो नव्हतो.

मी उठून दारात आलो. "पण पुस्तकात असं नाहीये," मी म्हणालो.

बायकोने वर पाहिलं, फक्त क्षणभर. "पुस्तकात असेल वेगळं," ती म्हणाली, आणि भाचीकडे वळून पुढे सांगू लागली.